दीडशे मीटर, पण कोणत्या सालचे?

जुन्या घड्याळांचा नाद लागलेल्या माणसाची वाटचाल बहुधा ठरलेली असते. आधी घरातल्या कपाटात आजोबांचे एचएमटी 'जनता' सापडते. घड्याळजीकडून ते साफ करून घेतले, चावी दिली की टिकटिक सुरू होते आणि माणूस खूश होतो. मग तो इतरांच्या मनगटांकडे पाहू लागतो. आणि एक दिवस जाडजूड, काळ्या डायलचे, भोवती आकडे कोरलेले फिरते कडे असलेले पाणबुड्याचे घड्याळ त्याच्या नजरेस पडते. तिथून पुढे सुटका नाही.

मी गेली पंचवीस वर्षे जुनी घड्याळे पाहतो आहे, थोडीफार घेतोही. सल्ला विचारायला येणाऱ्यांपैकी निम्मेअधिक लोक हल्ली याच घड्याळाबद्दल विचारतात. फार पैसे न घालवता जुने आणि अस्सल डायव्हर घड्याळ मिळेल का? मिळेल. मात्र त्या घड्याळावर छापलेल्या एका ओळीवर विश्वास ठेवायचा नाही. ती ओळ म्हणजे 'वॉटर रेझिस्ट १५० मीटर'. ही ओळ खोटी नसते. घड्याळ कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी ती अगदी खरी होती. पण त्या दिवसाला आता चाळीस-पंचेचाळीस वर्षे झाली.

मुळात हे घड्याळ कशासाठी जन्मले ते आधी पाहू. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग हे उपकरण तयार केले. पाठीवर हवेचे नळकांडे घेऊन माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला. नळकांड्यातली हवा मात्र मोजकी, त्यामुळे आपण किती मिनिटे खाली आहोत हे कळणे हा जीवनमरणाचा प्रश्न झाला. १९५३ च्या सुमारास ब्लांपां कंपनीचे 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचे 'सबमरीनर' ही घड्याळे आली आणि डायव्हर घड्याळाचा चेहरा ठरून गेला. काळी डायल, अंधारात चमकणारे ठळक काटे आणि काचेभोवतीचे फिरते कडे. पाण्यात उतरताना कड्यावरची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. नंतर काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तितकी मिनिटे झाली. हिशेब करायला नको. पुढे हे कडे एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले. ते चुकून धक्का लागून सरकलेच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. पाणबुड्या लवकर वर येतो, इतकेच.

आता पाण्याच्या दाबाचे गणित. दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. दीडशे मीटरवर तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे पंधरा किलो होतो. घड्याळाची काच तीन सेंटिमीटर व्यासाची धरली तर तिच्यावर शंभर किलोंहून जास्त भार येतो. क्विंटलभर गव्हाचे पोते त्या एवढ्याशा काचेवर उभे केल्यासारखे! पोलाद आणि काच हा भार सहज पेलतात. पाणी आत शिरते ते फटींतून. काच आणि केस यांच्यामधली, मागच्या झाकणाची आणि चावीची अशा तीन फटी. या तिन्ही ठिकाणी पाणी अडवते ती रबराची बारीक रिंग. रबर काही वर्षांत कडक होते, चपटे होते, त्याला बारीक चिरा पडतात. म्हणजे दोन किलोमीटर लांबीच्या धरणाची भिंत मजबूत, पण दरवाजाचे रबर गेलेले. जुने डायव्हर घड्याळ म्हणजे नेमके हेच.

पैशांचे म्हणाल तर जुने सबमरीनर विसरा. त्याची किंमत अनेक लाखांत जाते आणि तिथे बनावट मालाचा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो. सामान्य माणसाने जपानकडे वळावे. सिको कंपनीने आपले पहिले डायव्हर घड्याळ १९६५ साली काढले. जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतील लोकांनी ते वापरले होते. १९६८ मध्ये आलेले ६१०५ हे मॉडेल 'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९ च्या चित्रपटात मार्टिन शीनच्या मनगटावर दिसते. तेव्हापासून त्याला भाव आला तो उतरलेला नाही. माझी शिफारस त्याच्या नंतरच्या भावंडाची आहे, ६३०९ ची. १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षे हे घड्याळ बनत होते आणि प्रचंड संख्येने बनले. उशीसारखा फुगीर आकार, चार वाजण्याच्या जागी बसवलेली आटे असलेली चावी, वार आणि तारीख. संग्राहक त्याला प्रेमाने 'टर्टल', म्हणजे कासव म्हणतात. कंपनीनेही २०१६ मध्ये याच आकाराचे नवे घड्याळ बाजारात आणले ते याच प्रेमापोटी. संख्या मोठी असल्यामुळे जुने ६३०९ अजून सापडते आणि सबमरीनरच्या तुलनेत त्याची किंमत अगदी किरकोळ म्हणावी अशी असते. तेही जड वाटत असेल तर १९८८ ते १९९६ या काळातील ७००२ पाहा. ते दिसायला थोडे साधे, पण तितकेच दणकट आहे.

आपल्याकडे ही घड्याळे आली कशी, हेही मजेशीर आहे. त्या काळात परदेशी घड्याळांची आयात जवळपास बंद होती. पण सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कोकणातून, केरळमधून हजारो माणसे आखातात कामाला गेली. सुट्टीवर येताना त्यांच्या मनगटावर सिको असायचे आणि पेटीत भावासाठी आणखी एक. म्हणूनच आपल्याकडच्या कित्येक सिको घड्याळांत वार इंग्रजीबरोबर अरबी लिपीतही दिसतो. कोणाला तो दोष वाटतो. मला विचाराल तर ते त्या घड्याळाच्या प्रवासाचे प्रमाणपत्र आहे. घड्याळजीला सांगून ती वाराची चकती बदलून घेऊ नका.

घड्याळ हातात आले की पहिल्यांदा उलटे करा. मागच्या झाकणावर मॉडेल क्रमांक असतो, ६३०९-७०४० किंवा ७०४९. शेजारी सहा आकड्यांचा अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी आकड्यांऐवजी इंग्रजी ओ, एन, डी ही अक्षरे येतात. म्हणजे अनुक्रमांक ७ आणि एनने सुरू होत असेल तर घड्याळ नोव्हेंबर १९७७ चे किंवा १९८७ चे. दशक कोणते, ते इतर खुणांवरून ठरवावे लागते. आता घड्याळ सुलटे करून भिंग लावा आणि डायलच्या अगदी खालच्या कडेचा बारीक मजकूर वाचा. तिथेही ६३०९ असा क्रमांक छापलेला असतो. तो नसेल, अक्षरे जाडीभरडी असतील किंवा मधे तुटलेली असतील, तर डायल नंतर कोणीतरी बसवली किंवा रंगवली आहे.

इथे मला जरा थांबायचे आहे, कारण हा विषय आपल्या दाराशी येतो. जगभरच्या संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे आणि तो कौतुकाचा नाही. जुनी, डागाळलेली डायल घासून तिच्यावर नवा रंग द्यायचा, कंपनीचे नाव पुन्हा छापायचे, केस पॉलिश करून आरशासारखी चकचकीत करायची आणि 'अगदी नव्यासारखे जुने घड्याळ' म्हणून विकायचे, याला हे नाव पडले. भडक नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलची सिको फाइव्ह आणि फेवर ल्युबा घड्याळे इंटरनेटवर शेकड्यांनी दिसतात, ती बहुतेक याच जातीची. कंपनीने ते रंग त्या मॉडेलमध्ये कधी काढलेलेच नसतात.

हे काम करणाऱ्या कारागिरांना नावे ठेवणे मला पटत नाही. सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा याच लोकांनी एका घड्याळाचे चाक दुसऱ्यात बसवून लाखो घड्याळे चालू ठेवली. शिवाय गिऱ्हाईकालाच 'नव्यासारखे' हवे होते. लग्नात जावयाला द्यायचे घड्याळ डागाळलेले कसे चालेल? कारागिराने मागितले ते दिले. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा रंगवलेली वस्तू मूळ म्हणून, मूळच्या भावात विकली जाते. मुंबईच्या चोर बाजारात मला असेही दुकानदार भेटले आहेत की, विचारल्यावर सरळ सांगतात, "डायल रंगवलेली आहे, साहेब." तेव्हा विचारायची लाज बाळगू नका. आणि घरातले घड्याळ असेल तर डायलला हात लावू देऊ नका. घासलेला रंग परत येत नाही.

फेवर ल्युबाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर करतो. ही स्विस कंपनी एकोणिसाव्या शतकापासून भारतात घड्याळे विकत होती आणि 'सी किंग', 'सी चीफ' ही तिची घड्याळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सर्रास असत. नावे सागराची, घड्याळे मात्र रोजच्या वापराची. ती डायव्हर घड्याळे नव्हेत. कंपनीने खरी डायव्हर घड्याळेही काढली, साठच्या दशकातले 'डीप ब्लू' आणि १९६८ मधले खोली दाखवणारे 'बॅथी'. पण ती दुर्मीळ आहेत आणि स्वस्त तर अजिबात नाहीत. 'सी किंग' विकणारा माणूस 'डायव्हर आहे' म्हणाला तर हसून पुढे जावे.

पुन्हा आपल्या कासवाकडे येऊ. नवे काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा माझा हिशेब असा आहे. काच बदललेली असेल तर हरकत नाही, ती झिजण्यासाठीच असते. फिरत्या कड्यावरची आकड्यांची पट्टी बदललेली असेल तरी चालेल. रबरी रिंगा तर नव्याच हव्यात. काटे बदललेले असतील तर किंमत पाडून मागावी. डायल बदललेली असेल तर बहुतेक वेळा ते घड्याळ मी सोडून देतो. कारण ६३०९ चे जवळजवळ सगळे भाग आज नवे, नकली मिळतात. यंत्रही सिको फाइव्हच्या एखाद्या साध्या घड्याळातून काढून बसवता येते, कारण ६३०९ हे यंत्र तिथेही वापरलेले आहे. अशा घड्याळात मग जुने काय उरते? मागचे झाकण!

केसच्या कडा पाहा. मूळ केसची वरची बाजू बारीक रेषांची, निस्तेज असते आणि बाजूच्या भिंती चकचकीत. दोन्हींमधली धार स्पष्ट दिसली पाहिजे. सगळेच गुळगुळीत आणि साबणाच्या वडीसारखे झाले असेल तर पॉलिशच्या चाकाने ते खाल्ले आहे. ओरखडे असलेली केस त्यापेक्षा कितीतरी बरी. मग चावी उलगडून पुन्हा आवळा. आटे नीट धरायला हवेत. केसमधले आटे झिजले असतील तर दुरुस्ती कठीण आणि खर्चिक होते. या यंत्राला चावी देता येत नाही, ते मनगटाच्या हालचालीवरच चालते, म्हणून घड्याळ हलकेच दोन-चार वेळा हलवा. सेकंदकाटा लगेच निघाला पाहिजे. तारीख बदलून पाहायची असेल तर आधी काटे सकाळच्या सहावर आणा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारीख जबरदस्तीने फिरवली तर आतले दाते तुटू शकतात. विकणाऱ्याच्या देखत तुटले तर वादच.

डायलवरचे चमकणारे ठिपके काळे किंवा हिरवट पडले असतील तर ती ओलाव्याची खूण समजा. पाणी आधीच आत जाऊन आले आहे. अशा वेळी झाकण उघडून यंत्र दाखवायला सांगा. चावीच्या दांड्याजवळ गंज दिसला तर नमस्कार करून निघावे. आपली किनारपट्टीची हवा आणि घाम यांनी कित्येक घड्याळे आतून संपवली आहेत, बाहेरून कळतही नाही.

पाण्यावरून आठवले. माझ्या ओळखीच्या एका तरुणाला काकांचे ६३०९ मिळाले. काका मस्कतहून आले तेव्हाचे. मुलगा मोठ्या हौसेने ते घालून मालवणला गेला आणि तारकर्लीच्या समुद्रात उतरला. फार खोल नाही, पाच-सहा मीटर. वर आला तेव्हा काचेच्या आत धुके होते. त्याने ते उन्हात वाळवले आणि धुके गेले म्हणून निश्चिंत झाला. आठ दिवसांनी घड्याळ थांबले. उघडले तेव्हा आत लाल चिखल होता. खारे पाणी वाळले तरी मीठ आतच राहते आणि पोलाद खाते. त्याच दिवशी घड्याळजीकडे नेऊन यंत्र उघडून धुतले असते तर वाचले असते. समुद्रापासून दुकान दूर असेल तर निदान लगेच गोड्या पाण्यात ठेवून न्यावे, असे जुने कारागीर सांगतात. ऐकायला विचित्र वाटते, पण आधीच आत शिरलेले मीठ वाळू न देणे हा त्यामागचा विचार आहे.

म्हणून घड्याळ घेतल्यावर पहिला खर्च पट्ट्याचा नव्हे, यंत्र साफ करण्याचा आणि तिन्ही रिंगा बदलण्याचा. नंतर दाबाची चाचणी. यासाठी घड्याळ पाण्यात बुडवावे लागत नाही. यंत्राच्या बंद भांड्यात हवेचा दाब देतात आणि केस किती बारीकशी दबते ते मोजतात. गळती असेल तर आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि केस पुन्हा मूळ आकाराला येते, ते लगेच कळते. शहरातल्या चांगल्या दुरुस्ती केंद्रांत हे यंत्र असते. ते नसेल तर जुनी युक्ती आहे. घड्याळ कोमट गरम करायचे आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबाखाली आतून वाफ धरली तर आत दमटपणा आहे. यातून आत ओल आहे की नाही एवढेच कळते, किती खोली झेपेल ते नाही. चाचणीत उत्तीर्ण झालेले घड्याळही मी हात धुण्यापुरते आणि पावसापुरते वापरतो. पोहायला नवे घड्याळ न्यावे. ते बिघडले तर दुसरे मिळते.

जपानी घड्याळ नको असेल तर रशियन 'वोस्तोक अँफिबिया' पाहावे. तातारस्तानमधील चिस्तोपोल गावी, जिथे १९४१ च्या युद्धकाळात मॉस्कोचा घड्याळ कारखाना हलवला गेला, तिथे १९६७ मध्ये हे दोनशे मीटरचे घड्याळ तयार झाले. मिखाईल नोविकोव आणि वेरा बेलोवा या रचनाकारांची कल्पना मला फार आवडते. स्विस कंपन्या झाकण घट्ट आवळून पाणी अडवत. यांनी जाड प्लॅस्टिकची काच आणि रुंद रबरी रिंग अशी बसवली की, पाण्याचा दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट दाबली जाते. शत्रूलाच पहारेकरी नेमल्यासारखे! याची चावी उलगडल्यावर डुगडुगते. नवा गिऱ्हाईक तुटली म्हणून घाबरतो, पण ती तशीच बनवलेली आहे. हे घड्याळ अजूनही बनते, त्यामुळे सोव्हिएत काळातले म्हणून विकले जाणारे प्रत्येक घड्याळ तितके जुने असेलच असे नाही. डायल आणि केस एकाच काळातले आहेत का, ते इथेही पाहावे लागते.

साठच्या दशकापूर्वीचे स्विस घड्याळ समोर आले तर मात्र एक सावधगिरी. त्या काळी अंधारात चमकण्यासाठी रेडियम वापरत. ते आता चमकत नाही, कारण चमकणारे रसायन जळून गेलेले असते. पण रेडियम अजून आहे. त्याची निम्मी शक्ती संपायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. असे घड्याळ घरात उघडू नये, ठिपके खरवडू तर मुळीच नयेत. त्याची धूळ श्वासातून आत जाणे वाईट. नंतरच्या स्विस घड्याळांवर डायलच्या तळाशी इंग्रजी टी अक्षर दिसते. ती ट्रिटियमची खूण. ते बरेच सौम्य आणि त्याची निम्मी शक्ती साधारण सव्वाबारा वर्षांतच जाते.

राहता राहिला पट्टा. ६३०९ ला २२ मिलिमीटर रुंदीचा लागतो, नायलॉनचा उत्तम. पण तो ज्या पिनांवर बसतो त्या नीट पाहा. सिकोच्या डायव्हर घड्याळांना जाड, सुमारे अडीच मिलिमीटरच्या पिना असतात. रस्त्यावरचा पट्टेवाला घाईत नेहमीच्या पातळ पिना घालून देतो. त्या बसल्यासारख्या वाटतात, पण भोकात सैल राहतात आणि लोकलच्या गर्दीत एखाद्या दिवशी निसटतात. जुन्या पिना असतील तर त्या साफ करून त्याच वापरायला सांगा. नसतील तर जाड पिना मागून घ्या आणि त्या बसवून होईपर्यंत समोर उभे राहा.